पेढा नव्हे, पेडल!

साताऱ्याच्या मोती चौकात उभं राहून म्हणून बघा, "जरा पेडल घ्यायचं होतं." समोरचा एक तर पेढ्यांच्या दुकानाकडे बोट दाखवेल, नाहीतर सायकलच्या. आपल्याला हवं असतं ते तिसरंच. गिटारला जोडायचं, पायाने दाबायचं आणि शेजाऱ्यांची झोप उडवायचं!

तर मंडळी, आज बेस गिटारवाल्यांच्या दोन लाडक्या पेडलांची गंमत. एक 'वा', दुसरं 'फझ'. वा लावलं की गिटार बोलते, फझ लावलं की गुरगुरते. आणि हो, या गप्पांत मिरज येणार, चौंडकं येणार, हलगी येणार, शेवटी एसटीसुद्धा येणार. सीटबेल्ट बांधा. (एसटीत नसतो, तो भाग वेगळा.)

फजितीतून फझ

माहीत आहे का, फझचा आवाज कुणी शोधलाच नाही? मशीन बिघडलं आणि तो निघाला!

साल १९६०, गाव अमेरिकेतलं नॅशव्हिल. मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' गाण्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं. वादक ग्रेडी मार्टिन. मध्येच मिक्सरच्या एका चॅनेलने मान टाकली आणि गोड वाजणारं वाद्य एकदम भुंग्यासारखं घूं घूं करायला लागलं. दुसरं कुणी असतं तर टेप पुसून टाकली असती. इथे मात्र ती खरखर तशीच ठेवली, रेकॉर्ड बाजारात आली आणि १९६१ साली गाणं सुपरहिट!

आता खरा धक्का. ग्रेडी मार्टिनच्या हातात साधी गिटार नव्हतीच. होती सहा तारांची बेस गिटार! म्हणजे जगातला पहिला गाजलेला फझ हा बेसचा फझ. गिटारवाले नंतर आले. पुढच्या वेळी कुणी लीड गिटारवाला भाव खायला लागला की हे त्याच्या कानावर घाला.

रेकॉर्डिंग इंजिनिअर होते ग्लेन स्नॉडी. लोक येऊन 'तसलाच' आवाज मागायला लागले. बिघडलेली वस्तू मागणीनुसार बिघडवायची कशी? स्नॉडींनी जोडीदाराला घेऊन तीन ट्रान्झिस्टरांचं छोटं सर्किट बांधलं, गिब्सन कंपनीने ते घेतलं आणि १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने विकायला काढलं. फजितीला लाडाने फझ म्हणतात ते असं.

मग? धडाधड खप? छे! पहिल्या वर्षी पाच हजारांवर डबे दुकानदारांकडे रवाना झाले आणि तिथेच धूळ खात पडले. १९६३ साली कंपनीतून बाहेर पडली फक्त ३. १९६४ साली शून्य. भोपळा!

(भोपळ्याचं नाव निघालंच आहे तर लक्षात ठेवा. मिरजेत तो परत भेटणार आहे.)

१९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन' गाण्यात हेच पेडल वाजवलं. त्याच्या डोक्यात ती निव्वळ खूणगाठ होती, त्या जागी नंतर ट्रम्पेट-सॅक्सोफोन भरायचे होते. पण खूणगाठच हिट झाली आणि दुकानांतली धूळ एका फटक्यात झटकली गेली.

त्याच वर्षी बीटल्सच्या 'थिंक फॉर युवरसेल्फ' गाण्यात पॉल मॅकार्टनीने फझ लावून बेस वाजवला. गंमत म्हणजे त्याच गाण्यात साधा बेसही आहे. एका गाण्यात दोन बेस! एक भात, एक आमटी. फझ कुठला ते सांगायला नको.

मिरजेत हे आधीच झालं होतं

माहीत आहे का, सांगली जिल्ह्यात तारेला 'फझ' लावायचा धंदा दीडशे वर्षांहून जुना आहे? वीज नाही, बॅटरी नाही, पेडल तर नाहीच!

मिरजेच्या सतारमेकर मंडळींचे पूर्वज मूळचे शिकलगार. तलवारींना धार लावणारी, हत्यारं घडवणारी माणसं. संस्थानी लढाया संपल्या, तलवारी खुंटीला लागल्या. हातात कसब होतं, काम नव्हतं. १८५० च्या आसपास त्यांच्यातल्याच फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांची दुरुस्ती आणि मग घडण सुरू केली. तलवारीचा खणखणाट गेला, तारेचा झणझणाट आला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं, दोघांना वेगवेगळं.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. पण खरी जादू भोपळ्यात नाही, घोडीत आहे. घोडी म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात तो पसरट तुकडा. गिटारच्या ब्रिजवर तार एका धारेवर टेकते आणि मोकळी होते. तानपुऱ्याच्या घोडीला मात्र किंचित उतार असतो. थरथरणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि आवाजात तो मधमाश्यांचा गुंजारव येतो. त्याचं नाव जवारी.

जवारी काढताना एकदा बघाच. कारागीर तारा सैल करतो, घोडीवर कानस फिरवतो. किती? दोन-तीन हलके हात, बस्स. मग पुन्हा तार चढवायची, छेडायची, कान लावायचा. नाही पटलं, पुन्हा उतरव. बोटाने चाचपून कळणार नाही इतका तो उतार, पण आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. वर तानपुऱ्यात तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढे-मागे केला की आवाज एकदम उघडतो, जणू खोलीची खिडकी उघडली. पेडलवरची बटणं काय वेगळं करतात हो?

बटणांचे प्रकारही आहेत! खुली जवारी म्हणजे झगझगीत, बंद जवारी म्हणजे गोल आणि घट्ट. पंडित रविशंकरांची सतार खुल्या अंगाची, उस्ताद विलायत खाँसाहेबांची बंद अंगाची. दोघांच्या चाहत्यांत यावरून जे वाद झाले, ते आजच्या पेडलप्रेमींच्या भांडणांपेक्षा तिळमात्र कमी नव्हते.

आणि हा जॅकपॉट ऐका. पुरुषी तानपुरा काळी एकला लावला तर त्याची शेवटची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर वाजते. बेस गिटारच्या 'ए' तारेवर चौथा पडदा दाबा. तोच सूर, तीच जागा! म्हणजे खर्जाची तार अधिक जवारी बरोबर… फझ बेस. मिरजेत. तोही अनप्लग्ड.

विश्वास बसत नाही? साक्षीदार तगडा आहे. सर सी. व्ही. रामन! प्रकाशावरच्या संशोधनासाठी १९३० साली नोबेल मिळवणाऱ्या रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणेच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला. पुस्तकी नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वरांची थरथर शून्य असते ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत. तानपुरा म्हणतो, नियम गेला उडत. जे सूर येऊ नयेत, तेही ठणठणीत येतात. घोडीचा उतार त्यांना जन्माला घालतो. फझ पेडलचं काम अगदी हेच, आत नसलेले सूर बाहेर काढायचे.

उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर तिथेच मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या स्मृतीची संगीतसभा तिथे दर वर्षी भरते. दोन तानपुरे रात्रभर घुमत असतात. कुणी 'नॉइज' म्हणून तक्रार करत नाही.

वा! वा! काय सोय आहे

आता वा. मोबाईल खाली ठेवा आणि एक प्रयोग करा. खालच्या पट्टीत 'ऊऊऊ' असा सूर धरा. सूर न बदलता तोंड हळूहळू 'आ'पर्यंत उघडा. काय ऐकू आलं? व्वाऽऽ. अभिनंदन! तुमचं तोंड हे वा पेडल आहे, तेही जन्मापासून वॉरंटीत. सूर तोच राहतो, फक्त त्यातले कोणते उपस्वर पुढे येतात ते बदलतं. पेडल तोंडाऐवजी पायाने उघडायचं, इतकंच.

माहीत आहे का, हेही अपघातानेच झालं? १९६६ साली थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा तरुण इंजिनिअर व्हॉक्सच्या अँप्लिफायरमधला महागडा स्विच काढून स्वस्तातला गोल फिरणारा पॉट बसवत होता. खर्च वाचवायचा होता. पॉट फिरवला आणि आवाज 'वा-वा' करायला लागला. मग बसवायचं कशात? शेजारीच ऑर्गनचं व्हॉल्यूम पेडल पडलं होतं. घातलं त्याच्या पोटात!

ऑर्गनचं पेडल म्हटल्यावर सांगलीकरांच्या भुवया वर जायला हव्यात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ती ही नाट्यपंढरी. बालगंधर्वांच्या साथीला असायचा तो ऑर्गन पायाने भाता मारत वाजवायचा. हात सुरांवर, पाय पेडलवर. गिटारवाल्यांना सुचायच्या कितीतरी आधी आपल्या नाटकवाल्यांचे पाय कामाला लागले होते, आणि वन्समोरही त्यांनाच मिळत होते.

कंपनीला वाटलं, हे पेडल ट्रम्पेटवाल्यांच्या कामाचं. म्हणून नाव दिलं क्लाइड मकॉय या ट्रम्पेटवादकाचं. तोंडावर झाकण धरून ट्रम्पेट रडवण्यात त्याचा हातखंडा, १९३१ ची त्याची 'शुगर ब्लूज' रेकॉर्ड गाजलेली. इतकंच नव्हे तर पेडलच्या तळाला त्याचं चित्रही छापलं. आता बघा, मान म्हणून चित्र छापलं, पण छापलं कुठे? जमिनीकडे तोंड करून, वर भलत्याचाच पाय. आपल्याकडे मोर्चा निघाला असता.

आत काय असतं? जेमतेम दोन ट्रान्झिस्टर, एक कॉइल, एक पॉट आणि किरकोळ माल. पाय दाबला की दातेरी पट्टी पॉटचा दांडा फिरवते. वर्षभरात त्या पॉटमध्ये धूळ बसते आणि वा ऐवजी 'खर्रर्र' येतं. घाबरू नका, जुना रेडिओ दुरुस्त करणारा कुठलाही मेकॅनिक हे ओळखतो. स्प्रे मारला, दहा वेळा फिरवला, काम फत्ते.

चौंडक्याचं व्वांव

यल्लमाच्या जोगत्यांचं चौंडकं ऐकलंय? सांगली-कोल्हापूर पट्ट्यात वाढलेल्यांना विचारायलाच नको. लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधोमध ओवलेली तार, तारेचं दुसरं टोक मुठीत. नळकांडं काखेत दाबायचं, एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्या मुठीने ताणायची-सोडायची. 'टुंग-व्वांव-टुंग!' एका तारेत माणूस हसतोय की रडतोय कळत नाही.

शास्त्रशुद्ध बोलायचं तर वा पेडल सूर वाकवत नाही, सुराचा रंग फिरवतं. चौंडकं सूरच वाकवतं. पण कानाला विचाराल तर दोघं सख्खे मावसभाऊ. माझं मत विचाराल तर चौंडकं जास्त बोलकं. बॅटरीही लागत नाही.

बेसवाल्यांचं रडगाणं

गिटारचं वा बेसला लावलं तर काय होतं? बेस गायब! कारण साधं आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर घुमते आणि गिटारच्या वा पेडलचा सगळा खेळ साधारण ४०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात. खालचं सगळं पेडल कापून टाकतं. रस्सा गाळून घेतला आणि फोडी ताटात, अशी गत.

म्हणून बेससाठी वेगळी पेडलं निघाली. डनलॉपचं पांढरं '१०५क्यू' खालचा आवाज तसाच जाऊ देतं आणि फक्त वरच्या भागाला वा-वा करायला लावतं. त्याला स्विचही नाही. पाय ठेवला की चालू, उचलला की बंद. गावाकडच्या हातपंपाइतकं सोपं.

ज्यांना पायही हलवायचा कंटाळा, त्यांच्यासाठी १९७२ साली 'म्यू-ट्रॉन थ्री' आलं. तार जोरात छेडली की आपोआप 'व्वाव', हळू छेडली की 'वु'. स्टीव्ही वंडरने ते की-बोर्डला लावलं आणि चांदणीच्या आकाराची बेस गिटार गळ्यात घालणाऱ्या बूट्सी कॉलिन्सने बेसला. बूट्सीचा बेस वाजत नाही, गुळण्या करतो!

आणि वा अधिक फझ एकत्र? मेटॅलिकाचा क्लिफ बर्टन. १९८३ सालच्या पहिल्याच अल्बममध्ये 'अॅनेस्थेशिया' नावाचा त्याचा बेस सोलो आहे. नावाचा उरलेला भाग दात उपटण्याबद्दलचा. नाव अगदी सार्थ. पुढच्या वर्षीच्या 'फॉर हूम द बेल टोल्स'ची सुरुवात तर आजही लोक लीड गिटार समजून ऐकतात. ती बेस गिटार आहे हो!

फझचा आणखी एक उपकार सांगतो. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला ४१ हर्ट्झ झेपतच नाही. साधा बेस त्यातून ऐकूच येत नाही. फझ लावला की त्याच सुराचे १२४, २०६, २८८ हर्ट्झचे नातेवाईक बाहेर पडतात आणि मेंदू त्या नातेवाइकांवरून घरमालक ओळखतो. सूर नाही, तरी ऐकू येतो.

ऊन, धूर आणि कर्ज

माहीत आहे का, फझला ऊन बाधतं? 'फझ फेस' हे १९६६ चं गोल गरगरीत पेडल. आकार सुचला तो माइकच्या स्टँडच्या बुडावरून. आत मोजून ११ सुटे भाग, त्यातले दोन जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. जर्मेनियम भारी लहरी. तापमान वाढलं की त्यातून नको तितका करंट गळतो आणि आवाज फाटका, चोंदल्यासारखा होतो. सांगलीच्या मे महिन्यात पत्र्याच्या मंडपाखाली ठेवून बघा. इथे हलगीवाला जाळावर हलगी तापवून कातडं कडक करतो, आणि शेजारीच फझवाला आपला डबा ओल्या फडक्याजवळ ठेवतो. एकाला शेक हवा, दुसऱ्याला सावली.

हे ट्रान्झिस्टर आता मिळतात कुठे? आजोबांच्या रेडिओत! 'एसी १२८' हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर जुन्या रेडिओंच्या आवाज विभागात असायचा आणि फझ बांधणारे आजही त्याच्या मागे असतात. माळा साफ करताना भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून बघा.

आता माझी स्वतःची फजिती. कॉलेजच्या गॅदरिंगला पेडलचा अडॅप्टर विसरलो. हॉस्टेलमधल्या एकाने प्रेमाने वायफाय राऊटरचा दिला. पिन बसली, मी खूश. तीन सेकंदांत डब्यातून बारीक धूर आणि जळक्या भज्यांसारखा वास. तेव्हा कळलं की बहुतेक पेडलांच्या पिनेत आत वजा आणि बाहेर अधिक असतं, राऊटरचं नेमकं उलटं. वर तो बारा व्होल्टचा, पेडल नऊचं. प्रेक्षकांना वाटलं, स्मोक मशीन आणलंय. टाळ्या पडल्या! त्या पेडलच्या वाट्याला आलेल्या त्या शेवटच्या.

नवीन घ्यायला गेलो तर किंमत ऐकून वडील म्हणाले, "खर्जासाठी कर्ज काढतोस की काय?" तरी एकावर कुणी थांबत नाही. हिरवा रशियन 'बिग मफ' फझ, लाल गोल फझ फेस, पांढरं वा. फळीवर मांडली की सप्टेंबरातलं कास पठार.

मुंबईतला एक बेसवाला

चरणजित सिंग हे नाव लक्षात ठेवा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बेस गिटार वाजवणारे. १९८२ साली त्यांनी मुंबईत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मशीनवर वाजवून रेकॉर्ड काढली. त्यातलं एक यंत्र रोलँड कंपनीचं 'टीबी-३०३'. जपान्यांनी ते काढलं होतं बेस गिटारवाल्याला पर्याय म्हणून. त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. चिखलात पाय रुतून निघावा तसं 'च्वाव-च्वाव'. वा पेडलचा लांबचा भाचाच! रेकॉर्ड तेव्हा पडली. तसाच च्वाव-च्वाव शिकागोच्या पोरांनी १९८७ साली वाजवला आणि त्याला जगाने नवं संगीत म्हटलं. पाच वर्षं आधी आपल्या बेसवाल्याने, स्वतःची नोकरी खाणाऱ्या मशीनवर, राग भैरव वाजवून ठेवला होता.

कराड स्टँडवरची मैफल

पैसे नाहीत, पेडल नाही, गिटारही नाही? साताऱ्याहून सांगलीची एसटी पकडा.

सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ३० ठोके पडतात. पाच तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार? ३१ हर्ट्झ. कराड स्टँडवर गाडी नुसती घुरघुरत उभी असते, तेव्हा ड्रायव्हर मामा बेस वाजवत असतात, त्यांना पत्ता नसतो.

मागच्या सीटवर बसा. खिडकीची सैल काच चौकटीत थडथडत असते. तार घोडीला चाटते तसंच हे, काच चौकटीला चाटते. फझ मिळाला. आता ती काच हळूहळू सरकवा. उघडा, मिटा, उघडा, मिटा. व्वाऽऽ-वु-व्वाऽऽ. शेजारचे काका चमत्कारिक नजरेने बघतील. बघू देत.

तेवढ्यात कंडक्टर घंटीची दोरी दोनदा ओढतो, टिंग टिंग, आणि अख्खी मैफल गिअर टाकून एक पट्टी वर चढते.